इंग्रजी क्लासिक कादंबऱ्या आणि कविता: कुठून सुरू करायच्या आणि कशा वाचायच्या

तुमचा प्रश्न असा आहे की शाळा-कॉलेज मराठी माध्यमातून झालं, ऑफिसच्या कामाचं इंग्रजी रोज वाचता, पण जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' दोनदा हातात घेऊन पन्नासेक पानांवर सोडली, कविता तर डोक्यावरूनच जातात, आणि आता कुणीतरी नीट यादी द्यावी आणि कसं वाचायचं ते सांगावं. यादी देतो, ती काही फार मोठी नाहीये. पण त्याआधी वाचायचं कसं हे सांगतो, कारण बरीच वर्षं कॉलेजात हेच शिकवतोय, समोर बसलेली बहुतेक मुलं मराठी माध्यमातूनच आलेली असतात, आणि माझं आता पक्कं मत झालंय की अवघड शब्दांमुळे ही पुस्तकं सुटत नाहीत, ती सुटतात कारण आपण ती मनातल्या मनात भराभर वाचतो. ही पुस्तकं कानासाठी लिहिलेली आहेत. कुणीतरी वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असा तो काळ होता.

ऑस्टिनचंच घ्या. प्राइड अँड प्रेज्युडिस 1813 च्या जानेवारीत छापून आली, पुस्तकावर तिचं नावही नव्हतं, नुसतं 'सेन्स अँड सेन्सिबिलिटीच्या लेखिकेची' एवढंच. चॉटन या खेड्यातल्या तिच्या घरी प्रती आल्या त्याच दिवशी शेजारच्या मिस बेन जेवायला आल्या होत्या, तर संध्याकाळी जेनने आणि तिच्या आईने त्यांना पुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं, लेखिका समोरच बसलीय हे न सांगता. मग काही दिवसांनी जेनने बहिणीला, कसँड्राला, पत्र लिहिलं त्यात तक्रार आहे की दुसऱ्या दिवशीचं वाचन तितकं रंगलं नाही, कारण आई फार भराभर वाचते आणि पात्रं जशी बोलायला हवीत तशी तिला बोलता येत नाहीत. स्वतः लेखिका सांगतेय की घाईने वाचलं आणि आवाज सापडला नाही तर हे पुस्तक पडतं! मी वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगतो.

तुम्ही पन्नास पानांवर का थांबलात याचा माझा अंदाज सांगतो. सुरुवातीला बॉल म्हणजे नाचाचे समारंभ, भेटीगाठी, कोण कुणाशी नाचलं, कोण कुणाकडे चहाला गेलं, असं वाटत राहतं की काही घडतच नाहीये. पण त्या घरात पाच मुली आहेत, आणि बेनेटांची इस्टेट कायद्याने फक्त पुरुष वारसाकडे जाणारी आहे, म्हणजे बाप गेला की घर कॉलिन्स नावाच्या लांबच्या नातलगाचं, आणि आई आणि पाच मुली जवळपास रस्त्यावर. बापाचं वर्षाचं उत्पन्न दोन हजार पौंड, नायक डार्सीचं दहा हजार. हे आकडे ऑस्टिन उगाच देत नाही. मिसेस बेनेटवर पहिल्या वाचनात सगळे हसतात, मला मात्र दरवेळी वाटतं की त्या घरात भविष्याची खरी धास्ती फक्त तिलाच आहे, ती ती वेड्यासारखी बोलून दाखवते एवढंच. आणि शार्लट ल्यूकस, नायिका एलिझाबेथची (या पाच मुलींतली एक) मैत्रीण, सत्तावीस वर्षांची, हुशार, ती त्या कॉलिन्सशी डोळे उघडे ठेवून लग्न करते कारण तिला घर हवंय. इतकं कठोर पान त्या काळच्या कादंबरीत फार कमी सापडेल, आणि ते किती शांतपणे लिहिलंय.

आता यातला कानाचा भाग. ऑस्टिन अनेकदा वाक्य निवेदकाचं म्हणून सुरू करते आणि मधेच ते पात्राच्या मनातलं होऊन जातं, अवतरणचिन्हं नाहीत, 'तिला वाटलं' वगैरे काही नाही, नुसता सूर बदलतो. मनातल्या मनात वाचताना हे हमखास निसटतं आणि मग आपण पात्राचा गैरसमज लेखिकेचं मत म्हणून धरून बसतो. मोठ्याने वाचलं की जीभ आपोआप अडखळते, अरे हे तर विकहॅम या गोड बोलणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यावर भाळलेली एलिझाबेथ बोलतेय. म्हणून तिसऱ्यांदा घ्याल तेव्हा निदान पहिली दहा प्रकरणं संवादांसकट मोठ्याने वाचा, आणि काहीही झालं तरी चौतिसाव्या प्रकरणापर्यंत जा. तिथे डार्सी पहिली मागणी घालतो आणि नकार खातो, पस्तिसाव्यात त्याचं लांबलचक पत्र येतं, आणि छत्तिसाव्यात एलिझाबेथ ते पत्र वाचते, मग परत वाचते, आणि दुसऱ्या वाचनात तीच वाक्यं तिला वेगळी दिसायला लागतात. पुस्तकाच्या साधारण मध्यावर नायिका एका खोट्या वाचनातून खऱ्या वाचनाकडे येते, आणि वाचकालाही मागची सगळी पानं परत उलटून बघावीशी वाटतात, की विकहॅम पहिल्याच भेटीत परक्या मुलीला इतकं सगळं सांगत होता हे तेव्हा आपल्याला कसं खटकलं नाही.

तरीही मी तुम्हाला पहिली कादंबरी म्हणून ऑस्टिन देणार नाही. पहिली घ्या डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'. कारण ती हप्त्याहप्त्याने लिहिलेली आहे आणि हप्त्यानेच वाचता येते. डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या दोन पेनीच्या साप्ताहिकात ती 1 डिसेंबर 1860 पासून ऑगस्ट 1861 पर्यंत आली, छत्तीस हप्ते. त्या काळी तीन खंडांची नवी कादंबरी विकत घ्यायची तर साडेएकतीस शिलिंग पडायचे, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं काम, म्हणून लोक लायब्ररीतून आणायचे नाहीतर असे हप्ते घ्यायचे, आणि घरात एक अंक आला की एकजण वाचणार आणि बाकीचे ऐकणार. आपल्याकडेही हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' अशीच 'करमणूक'मधून आठवड्या-आठवड्याला लोकांनी वाचली, त्यामुळे ही रीत आपल्याला परकी नाही. तर तुम्हीही तसंच करा. पहिल्या आठवड्यात फक्त पहिली दोन प्रकरणं, कारण पहिला हप्ता तेवढाच होता. दुसऱ्या आठवड्यात पुढची दोन. फार उत्सुकता वाटली तरी थोडं थांबा, ती उत्सुकता लेखकाने मुद्दाम तयार केलीय आणि मधले दिवस गोष्ट डोक्यात घोळत राहणं हा वाचनाचाच भाग आहे. पुढे वेग आपोआप वाढेल, तेव्हा वाढवा.

पहिलंच दृश्य बघा. केंटच्या दलदलीजवळचं कब्रस्तान, पिप नावाचा पोरका पोरगा, त्याने आईबापांना कधी पाहिलंच नाही, म्हणून थडग्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून तो ठरवतो की बाप कसा दिसत असेल. शेजारी त्याच्या पाच मेलेल्या भावांचे पाच छोटे दगड. आणि अचानक पायात बेडी असलेला एक पळालेला कैदी त्याला धरतो, उलटा करून खिसे झटकतो, तर पोराला वाटतं चर्चच उलटं झालं. हसूही येतं आणि पोटात गोळाही येतो, एकाच वाक्यात. यात दोन आवाज आहेत, एक त्या घाबरलेल्या पोराचा आणि एक मोठा झाल्यावर हे सगळं लिहायला बसलेल्या पिपचा. हे दोन आवाज वेगळे ऐकू यायला लागले की कादंबरी तुमची झाली.

माझ्या दृष्टीने या पुस्तकाचं काळीज सत्ताविसाव्या प्रकरणात आहे. पिपला कुणा अज्ञात माणसाचे पैसे मिळालेत, तो लंडनमध्ये जंटलमन व्हायला गेलाय, आणि त्याला लहानपणी सांभाळणारा जो, बहिणीचा नवरा, लोहार, त्याला भेटायला येतो. पिप सरळ सांगतो की पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं तर मी नक्की दिले असते. जो येतो, चांगल्या कपड्यांत अवघडलेला, त्याची हॅट फायरप्लेसवरच्या फळीवरून सारखी पडते, आणि तो पिपला, ज्याला त्याने अंगाखांद्यावर वाढवलं त्या पोराला, 'सर' म्हणायला लागतो. पिपला राग येतो, लाज वाटते. मग जाताना जो अगदी साधेपणाने सांगतो की माझी चूक कपड्यांची आहे, भट्टीपाशी हातात हातोडा घेऊन मला बघ, तिथे मी चुकीचा वाटणार नाही. आणि निघून जातो. पिप भानावर येऊन रस्त्यावर धावतो तर तो गेलेला असतो. जे कुणी शिकून शहरात आले आणि घरचं माणूस ऑफिसच्या दारात भेटायला आल्यावर क्षणभर इकडेतिकडे बघितलं, त्यांना हे प्रकरण समजावून सांगायला कुठलाही प्रोफेसर लागत नाही. माझ्या वर्गात हे वाचून झालं की मुलं बराच वेळ बोलत नाहीत.

शेवटाबद्दल एक माहिती, पण पुस्तक संपल्यावरच त्याच्या नादी लागा. डिकन्सने आधी वेगळा, कोरडा शेवट लिहिला होता, मित्र लेखक बुलवर-लिटनच्या सल्ल्याने तो बदलला, आणि मूळचा शेवट पुढे जॉन फॉर्स्टरने डिकन्सच्या चरित्रात छापला. आजच्या बऱ्याच आवृत्त्यांत मागे दोन्ही असतात. मला मूळचाच जास्त खरा वाटतो.

त्यानंतर ऑस्टिन, आणि मग थॉमस हार्डीची 'टेस'. ही 1891 ची. शेती, गुरं, दुधाचा धंदा, मजुरी यावर इतकं जवळून लिहिणारा दुसरा इंग्रजी कादंबरीकार मी तरी बघितला नाही. प्रिन्स नावाचा घोडा पहाटे डाकेच्या गाडीला धडकून मरतो आणि त्या एका घोड्याबरोबर घराची कमाईच जाते, तिथून टेसचं सगळं आयुष्य उलटं फिरतं. पुढे फ्लिंटकॉम्ब-अ‍ॅशच्या कडक माळावर थंडीत टर्निप उपटण्याचं काम आणि वाफेच्या मळणी यंत्रावर दिवसभर न थांबता पेंढ्या सोडण्याचं काम येतं, ती पानं वाचताना हात दुखायला लागतात. 'ग्राफिक' साप्ताहिकात ही क्रमशः येत होती तेव्हा त्यात कापाकापी करावी लागली, इतकी की नायक एंजल पाणी साचलेल्या वाटेवरून गवळणींना उचलून नेतो ते संपादकांना चाललं नाही, हार्डीला तिथे हातगाडी घालावी लागली. पुस्तकात त्याने ते परत जसंच्या तसं केलं.

एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' (1847) चौथी ठेवा, आधी नको. नावं तीच तीच येतात, दोन पिढ्यांत दोन कॅथरीन, म्हणून कागदावर वंशावळ काढून ठेवा. आणि इथेही लक्ष गोष्ट सांगणाऱ्यावर. जवळजवळ सगळी हकिकत नेली डीन ही घरकाम बघणारी बाई सांगते, आणि ती अजिबात तटस्थ नाही. नवव्या प्रकरणात थोरली कॅथरीन तिला सांगते की हीथक्लिफशी, म्हणजे तिच्याच घरात वाढलेल्या पोरक्या मुलाशी, लग्न केलं तर मी खाली उतरेन, ते हीथक्लिफ ऐकतो आणि गुपचूप उठून जातो, पुढचं, म्हणजे ती त्याच्यावर किती जीव टाकते ते, त्याला ऐकूच येत नाही. तो उठून गेलेला नेलीने पाहिलंय! पण कॅथरीनचं बोलणं पूर्ण होईपर्यंत ती तिला सांगत नाही. तिथे ती वेळेवर बोलली असती तर पुढची निम्मी कादंबरी झाली नसती. जोसेफ नावाच्या म्हाताऱ्याची यॉर्कशरची बोली सुरुवातीला कळणार नाही, ती तेवढी मोठ्याने वाचा, निम्मी तरी कळेल, उरलेली सोडून द्या.

जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' या सगळ्यांत मोठी, आणि माझी सगळ्यात आवडती, पण ती या चार झाल्यावर. तीसुद्धा 1871-72 मध्ये आठ भागांत आली होती, तेव्हा एका महिन्याला एक भाग पुरे.

आता कविता. कविता डोक्यावरून जातात याचं एक अगदी साधं कारण आहे जे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. आपलं वृत्त लघु-गुरूवर आणि मात्रांवर चालतं, अक्षर किती लांब ओढायचं यावर. इंग्रजी छंद आघातावर चालतो, कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा यावर. आपण इंग्रजी कविता मराठी श्लोकाच्या चालीत वाचतो, सगळ्या अक्षरांना सारखा मान देत, आणि मग ती सपाट लागते. वर्डस्वर्थची आठ ओळींची एक कविता घ्या, 1800 मध्ये छापलेली. पहिली ओळ आहे 'अ स्लंबर डिड माय स्पिरिट सील'. टेबलावर बोटाने ठोका द्या: स्लं, डिड, स्पि, सील. चार ठोके. दुसरी ओळ 'आय हॅड नो ह्यूमन फिअर्स': हॅड, ह्यू, फिअर्स. तीन ठोके. पुढे परत चार, परत तीन. हा इंग्रजी लोकगीतांचा, बॅलडचा ठेका आहे, आणि तो एकदा अंगात बसला की शेकडो कविता उघडतात.

त्याच कवितेत अजून बघा. पहिल्या कडव्यात कवी सांगतो की मी जणू झोपेत होतो, मला कसलीच भीती नव्हती, आणि ती, म्हणजे ज्या मुलीबद्दल कविता आहे ती, अशी वाटायची की काळाचा स्पर्श तिला होणारच नाही. दुसऱ्या कडव्यात ती हलत नाही, तिला ऐकू येत नाही, दिसत नाही, आणि पृथ्वी फिरते तशी दगड-धोंडे-झाडांबरोबर तीही फिरतेय. ती मेली असं कुठेच म्हटलेलं नाही. मृत्यू दोन कडव्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत होऊन गेला. आणि पहिलं कडवं परत वाचलं की त्याचा अर्थच फिरतो, काळ तिला स्पर्श करणार नाही ही गोष्ट खरी ठरली, पण कशी! आठ ओळींत एवढं. म्हणून कविता दोनदा वाचल्याशिवाय ती कळली नाही असं म्हणायचंच नाही.

दुसरी अडचण उलटसुलट वाक्यरचनेची. ओळ संपली म्हणून थांबू नका, पूर्णविराम किंवा स्वल्पविराम येईल तिथे थांबा, आणि क्रियापद शोधा. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'चं (1667) पहिलं वाक्य सोळा ओळींचं आहे आणि त्याचं मुख्य क्रियापद सहाव्या ओळीत येतं. इंग्रज विद्यार्थी यात गुदमरतात. आपल्याला खरं तर क्रियापदाची वाट बघायची सवय आहे, मराठी वाक्यात ते शेवटीच येतं. आणि हे लक्षात ठेवा की मिल्टन तेव्हा पूर्ण आंधळा होता, सगळं महाकाव्य त्याने तोंडी सांगून लिहून घेतलं. अर्थात सुरुवात मिल्टनने करू नका.

सुरुवातीला ब्लेक, 'लंडन' आणि 'द टायगर', दोन्ही 1794 च्या, शब्द सोपे आणि ठोका कडक. मग शेक्सपिअरची सॉनेट्स, 1609 मध्ये छापलेली 154 आहेत, त्यातलं त्र्याहत्तरावं आधी घ्या. म्हातारपणाबद्दल आहे, चार-चार ओळींच्या तीन गटांत तीन चित्रं, पानगळ, मग संध्याकाळ, मग विझत आलेला विस्तव, म्हणजे प्रत्येक वेळी उरलेला वेळ अजून कमी, आणि शेवटच्या दोन ओळी समोरच्या माणसाला उद्देशून. आपल्याकडे केशवसुतांनी सॉनेट आणलं आणि सुनीत रुजलं, ज्यांनी शाळेत सुनीतं वाचलीत त्यांना चौदा ओळींचा हा हिशोब लगेच लागेल. मग ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' (1842), छप्पन ओळी, एक ड्यूक पाहुण्याला मेलेल्या बायकोचं चित्र दाखवतोय आणि बोलता बोलता स्वतःच उघडा पडतोय. ज्यांना कादंबरी आवडते पण कविता नको वाटते त्यांना मी हीच देतो, कारण इथेही तोच खेळ आहे, बोलतंय कोण आणि का. कीट्सची 'टू ऑटम' थोडी नंतर, ती हळू वाचायची, विंचेस्टरला 19 सप्टेंबर 1819 ला फिरून आल्यावर लिहिलेली, त्यानंतर दीड वर्षाच्या आत तो पंचवीस वर्षांचा पोरगा रोममध्ये क्षयाने गेला.

आणि मग परत हार्डी, या वेळी कवी म्हणून. त्याच्या 'ज्यूड' या कादंबरीवर (1895) इतका गदारोळ झाला की पुढे त्याने कादंबरी लिहिणंच सोडलं आणि उरलेली तीसेक वर्षं कविताच लिहिल्या. त्याची बायको एमा 1912 च्या नोव्हेंबरमध्ये वारली. दोघं कित्येक वर्षं एका घरात राहून एकमेकांपासून तुटलेले होते, आणि ती गेल्यावर त्याने तिच्यावर जे लिहिलं त्याच्या तोडीचं काही मला इंग्रजीत ठाऊक नाही. त्यातली 'द व्हॉइस' वाचा, मोठ्यानेच. पहिली तीन कडवी झोके घेत जातात, 'कॉल टू मी, कॉल टू मी', जवळजवळ नाचाचा ठेका, कारण तिचा आवाज त्याला ऐकू येतोय असं वाटतंय. शेवटच्या कडव्यात ओळी एकदम आखूड होतात, ठेका मोडतो, वाचणाऱ्याची जीभच अडखळते, आणि त्याच कडव्यात तो म्हणतो की मी असा अडखळत पुढे चाललोय. अर्थ डिक्शनरीत शोधायच्या आधी तो तुमच्या तोंडात झालेला असतो. मी कविता कानाने वाचा म्हणतो ते यासाठी.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ही सगळी पुस्तकं कॉपीराइटच्या बाहेर आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात, आणि लिब्रिवॉक्सवर लोकांनी वाचलेली रेकॉर्डिंग्ज आहेत. वाचणारे हौशी असतात, दोन-तीन आवाज ऐकून बघा आणि जमेल तो निवडा, पुस्तक समोर धरून ऐकलं तर उत्तमच. छापील घ्यायची तर पेंग्विन क्लासिक्स किंवा ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सची घ्या, मागे टिपा असतात, कायदा, पैसा, कपडे, गाड्या यांच्या टिपा खरंच उपयोगी पडतात. संक्षिप्त आवृत्त्या घेऊ नका, त्यात गोष्ट उरते आणि आवाज जातो. डिक्शनरी एका पानाला एकदा, जास्त नाही, उरलेले शब्द तिसऱ्या-चौथ्यांदा भेटले की आपोआप कळतात. आणि पुढची मोठी प्रस्तावना शेवटी वाचा, ती विद्वानांनी पुस्तक वाचलेल्यांसाठी लिहिलेली असते आणि त्यात सगळा प्लॉट बिनदिक्कत सांगून टाकलेला असतो.